सांध्याचे तोंड

बसवकल्याण तालुक्याच्या दक्षिणेकडे, कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीलगत, मुडबी हे होबळीचे, म्हणजे महसुली मंडळाचे, गाव आहे. काळी जमीन, तूर आणि सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथे ऊस; घरात मराठी, दप्तरात कन्नड, बाजारात या दोन्हींच्या जोडीला दखनी. बिदर आणि कलबुर्गीच्या शिवेवरच्या अशा गावांत पंचायतीचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, बँक मित्राचे व्यवहार, शाळेतले संगणक आता जाळ्यावर चालतात. जाळे बंद पडले की माणसांना तालुक्याला खेप घालावी लागते. लाइन का गेली, या प्रश्नाचे उत्तरही ठरलेले असते: कुठेतरी केबल तुटली. पुष्कळदा ते खरे असते. पण तुटलेली केबल दिसते, तिची तक्रार होते आणि ती जोडली जाते. न दिसणारे दुखणे जोडात असते. दोन केबलींचे तंतू जिथे वितळवून एकमेकांना चिकटवतात, तिथे त्यांच्यावर एक बंद कवच बसवतात. कामावरची माणसे त्याला क्लोजर किंवा जॉइंट क्लोजर म्हणतात. हे कवच कसे बसते, कसे सील होते, काळ्या जमिनीत ते का गळते आणि ते तपासण्याची आपली रीत कुठे अपुरी पडते, याचा हा आढावा आहे.

मराठी मुलखाचे या तंत्राशी नाते जुने आहे. भारतात प्रकाशतंतूवरून दूरध्वनी प्रथम चालला तो १९७९ साली पुण्यात, शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या दोन एक्स्चेंजांच्या दरम्यान. पुढे वाळूजला तंतू बनवण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. शहराशहरांतले जाळे आधी झाले. गावांची पाळी आली ती २५ ऑक्टोबर २०११ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली तेव्हा. उद्दिष्ट होते अडीच लाख ग्रामपंचायतींचे. २०१५मध्ये या योजनेला भारतनेट हे नाव मिळाले आणि २०१७च्या अखेरीस पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायतींपर्यंत केबल पोहोचली. कर्नाटकातले या टप्प्याचे काम बीएसएनएलकडे होते.

या टप्प्याची आखणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे त्यातून निघते. तालुक्याच्या एक्स्चेंजपासून पुढे बीएसएनएलची जुनी केबल काही अंतर आधीच गेलेली होती. तिच्यातले रिकामे तंतू वापरायचे, पंचायतीच्या जवळच्या एखाद्या बिंदूवर ती जुनी केबल उघडायची आणि तिथून पंचायतीपर्यंत नवी, बहुधा २४ तंतूंची, केबल टाकायची. म्हणजे एक सरळ रेघ आणि तिला फुटलेल्या फांद्या. रेघ मध्ये कुठे तुटली की पुढचे सगळे अंधारात. आणि दर फांदीच्या मुळाशी एक जुना, बंद केलेला जोड पुन्हा उघडलेला. जोडकामाच्या दृष्टीने याहून नाजूक जागा दुसरी नाही.

थोडा हिशेब करू. केबलचा ड्रम साधारण दोन किलोमीटरचा येतो. वीस किलोमीटरच्या नव्या मार्गावर सरळ जोड आले नऊ. दर जोडात २४ तंतू, म्हणजे २१६ काच-सांधे. या प्रत्येक सांध्याची प्रकाश-घट मोजली जाते. चांगला सांधा ०.०५ डेसिबलच्या आसपास येतो आणि ०.१च्या वर गेला तर पुन्हा करायला लावतात. एका तंतूवरच्या नऊ सांध्यांची घट मिळून अर्धा डेसिबलही होत नाही. वीस किलोमीटर काचेतूनच १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सुमारे सात डेसिबल घट होते, प्रकाश वाटून देणाऱ्या स्प्लिटरमध्ये आणखी जाते, आणि पंचायतीत बसवतात तशी यंत्रणा एकूण २८ डेसिबलपर्यंत घट सहज सोसते. तेव्हा ज्या गोष्टीची आपण सर्वांत काटेकोर मोजणी करतो तिचा हिस्सा फार लहान आहे. याच नऊ क्लोजरांना केबल आत शिरण्याची अठरा तोंडे आहेत. पाणी शिरेल तर बहुधा तिथूनच शिरेल. ती तोंडे हवाबंद झाली की नाही, हे सहसा डोळ्यांनी पाहिले जाते, मोजले जात नाही. माझे म्हणणे या एका विसंगतीभोवती आहे.

क्लोजरच्या आत काय असते ते आधी पाहू. प्रकाश वाहणारा काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा. त्यावर प्लास्टिकचा लेप धरून २५० मायक्रॉन. अनेक तंतू एका नळीत, नळीत जेलीसारखा चिकट भराव, मधोमध काच-तंतूंच्या मिश्रणाची कडक काडी, वर सुताचे किंवा पोलादी पत्र्याचे कवच आणि सर्वांत बाहेर काळे पॉलिथिलीन. भारतात जमिनीखालच्या केबलीवर वाळवीसाठी नायलॉनचे आणखी एक आवरण चढवण्याची पद्धत आहे. जोडासाठी हे सगळे थर दीडेक मीटर उतरवावे लागतात. जेली अल्कोहोलने पुसायची, तंतूवरचा लेप काढायचा, टोक काटकोनात तोडायचे, आणि स्प्लायसरच्या विजेच्या ठिणगीत दोन टोके वितळवून एक करायची. उघड्या काचेवर पोलादी काडी असलेली बारीक नळी गरम करून आवळायची. मग तंतू रंगाच्या क्रमाने, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे ओळीने, ट्रेमध्ये गोल वळवून ठेवायचे. वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. एवढे होईपर्यंत साऱ्यांचे लक्ष स्प्लायसरच्या पडद्यावर असते. यंत्र महाग, काम देखणे, आकडा लगेच दिसतो. क्लोजर बंद करायची वेळ येते तेव्हा दिवस कललेला असतो, हात थकलेले असतात, आणि उरलेले काम ‘डबा बंद करणे’ एवढेच समजले जाते.

पाणी आत गेले तर काचेला काय होणार, ती काय गंजते, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच या दुखण्याचा संथपणा आहे. पाणी शिरले म्हणून त्या दिवशी काहीच होत नाही. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. तंतूवर ताण किंवा वळण असेल आणि भोवती ओलावा असेल, तर पाणी चिरेच्या टोकाशी सिलिकाचे बंध तोडत जाते आणि चीर हळूहळू वाढते. कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिकला असता तो वळलेला तंतू पाण्यात एखाद्या पावसाळ्यानंतर तुटू शकतो. दुसरे, आतले पोलादी क्लॅम्प आणि स्क्रू गंजले की केबलची पकड सुटते. शिवाय धातू गंजताना हायड्रोजन सुटतो, तो काचेत मुरतो आणि १२४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषू लागतो. तिसरे, तंतूवरचा लेप सतत पाण्यात राहून काचेपासून सुटतो. हे सगळे कामाचे बिल निघून गेल्यावर, हमीची मुदत संपत आल्यावर उगवते. मग तंतूत प्रकाश सोडून कुठे किती घट होते ते दाखवणाऱ्या ओटीडीआर यंत्रावर एका जोडाशी घट वाढलेली दिसते आणि पथक खणायला निघते.

पाणी शिरण्याच्या वाटाही एकच नाहीत. क्लोजर श्वास घेते, असे जोडकाम करणारे म्हणतात, आणि त्यात भौतिकशास्त्र आहे. बंद हवेचे तापमान पंधरा अंशांनी उतरले की तिचा दाब सुमारे विसाव्या भागाने घटतो, म्हणजे पाच किलोपास्कलच्या आसपास. हा दाब अर्धा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. वरवर पक्के दिसणारे सील सुईच्या टोकाएवढे सुटलेले असेल तरी दुपारी तापून हवा बाहेर टाकते आणि रात्री गार होताना भोवतालचे पाणी आत ओढते. रोज थोडे. १६५ सेंटिमीटर खोल, मातीत पुरलेल्या जोडाला हा त्रास कमी, कारण तिथे दिवस-रात्रीचा फरक पोहोचत नाही. उथळ चेंबरमधल्या आणि खांबावरच्या क्लोजरांना तो पुरेपूर आहे; बिदर-कलबुर्गीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, उन्हातला काळा डोम किती तापत असेल याची कल्पना करावी. दुसरी वाट अधिक फसवी आहे. केबलचे बाहेरचे आवरण क्लोजरपासून शंभर मीटरवर कुठे खरचटले असेल, दगडाने फाटले असेल, तर पाणी आवरणाखालून, पोलादी पत्र्याच्या कडेने वाहत थेट क्लोजरच्या आत येऊन उतरते. तोंडावरचे सील उत्तम असूनही. म्हणून जोड करण्याआधी केबलचे आवरण हाताने चाचपून पाहणे आणि आत शिरलेल्या केबलच्या गाभ्यालाही भराव देणे, या गोष्टी सीलइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

आता सीलच्या तऱ्हा. बाजारात दोन आकार दिसतात. एक आडवा, दोन्ही टोकांना केबल शिरणारा, दोन अर्ध्या कवचांचा. दुसरा उभा डोम: खाली बूड, त्यात सगळी तोंडे एकाच बाजूला, वर टोपी, आणि दोन्हींमध्ये रबरी कडे व क्लॅम्प. डोमची गंमत अशी की त्याची टोपी-बुडाची फट कारखान्यात नेमकी बनवलेली असते. गळण्याची शक्यता राहते ती फक्त केबलच्या तोंडांशी. आडव्या कवचात लांबच लांब रबरी पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबली गेली पाहिजे, आणि ते बोल्ट आवळणाऱ्याच्या हातावर असते. काळ्या जमिनीतल्या मुख्य मार्गावर मी डोमलाच पसंती देईन.

तोंड सील करण्याची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी. हे तंत्र रेकेम या कंपनीने मोठे केले. पॉल कुक यांनी ती १९५७मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. किरणोत्साराने पॉलिथिलीनच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या, मग तापवून नळी फुगवायची आणि फुगलेल्या स्थितीत थंड करायची. पुन्हा तापली की ती मूळ आकाराकडे परत येते. आतल्या बाजूला वितळणारा गोंद असतो. नळी केबलवर आवळली जाते, गोंद वितळून केबल आणि तोंड यांच्यातली फट भरतो आणि थंड होऊन घट्ट बसतो. नीट झालेले हे सील दशकभर पाण्यात राहते.

नीट झालेले, या शब्दांवर सगळे अडते. नळी जोड करण्याआधीच केबलवर ओवलेली हवी. २४ तंतू जोडून झाल्यावर ती बाजूला राहिल्याचे लक्षात आले तर चिरलेली नळी आणि टेप असे जुगाड सुरू होते. केबलचे आवरण पॉलिश पेपरने आडवे घासून खरबरीत करायचे, कारण गुळगुळीत पॉलिथिलीनला गोंद धरत नाही. लांबीच्या दिशेने घासले तर प्रत्येक ओरखडा पाण्यासाठी एक पन्हळ होतो, म्हणून आडवेच. मग अल्कोहोलने पुसायचे आणि त्यानंतर बोट लावायचे नाही. ज्योतीची धग केबलच्या आवरणावर पोहोचू नये म्हणून नळीच्या पुढे ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा. एका लांबट तोंडातून दोन केबली जात असतील तर त्यांच्या मधोमध चिमटा लावून गोंदाला जागा करून द्यायची. ज्योत पिवळी, मऊ ठेवायची, क्लोजरच्या बाजूने सुरुवात करून केबलकडे सरकत जायचे आणि चारी बाजूंनी फिरवायची. खड्ड्यात गुडघे टेकून काम करणाऱ्याची ज्योत समोर पोहोचते, मागे पोहोचत नाही. नळीची पुढची बाजू उत्तम आवळलेली आणि मागची, मातीच्या भिंतीकडची, अर्धी कच्ची, हा या कामातला फार मोठा दोष आहे. अनेक नळ्यांवर हिरवे ठिपके असतात, पुरेशी धग मिळाली की ते काळे पडतात. मागचे ठिपके पाहायला हातात लहान आरसा असावा. नळीच्या टोकाशी गोंदाची कड बाहेर डोकावली म्हणजे आतही तो पसरला असे समजायचे. आणि हाताला गार लागेपर्यंत केबल हलवायची नाही. शेवटची अट सर्वांत जास्त मोडली जाते, कारण अंधार पडत असतो आणि खड्डा बुजवायचा असतो.

ज्योत नको तिथे यांत्रिक सील आहेत: रबराची कडी, केबलच्या जाडीप्रमाणे गुंडाळायची मॅस्टिक टेप, आणि कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे आवळायचे बोल्ट. यात ज्योतीचे कौशल्य लागत नाही, पण स्वच्छता लागते. रबरावर मातीचा एक कण बसला की तिथून पाण्याला वाट. मे महिन्यातल्या वावटळीत ही अपेक्षा सोपी नाही. म्हणून जोडावर छोटा तंबू किंवा निदान ताडपत्री हवीच. जेलचे सील सर्वांत सोयीचे: मऊ जेल स्प्रिंगने दाबलेला राहतो, केबल हलली तरी तो मागे येतो, क्लोजर कितीदाही उघडा. किंमत जास्त, म्हणून गावाकडच्या कामात तो कमी दिसतो. माझ्या मते इथे काटकसर उलटी होते. ज्या जोडातून फांदी फुटते, जो पुन्हा पुन्हा उघडावा लागणार हे आखणीतच ठरलेले आहे, तिथे जेलचे किंवा पुन्हा उघडता येणारे यांत्रिक क्लोजर द्यावे. जो सरळ जोड आयुष्यात उघडायचा नाही तिथे आकसणारी नळी. सगळ्या मार्गाला एकच नमुना मागवण्याची खरेदीची सवय इथे बाधते. उष्णतेने आवळलेले तोंड एकदा कापले की नवा संच लागतो. तो जवळ नसला की इपॉक्सीची लांबी आणि काळी टेप येते, आणि तात्पुरते म्हणून केलेले ते काम पुढचे पथक येईपर्यंत तसेच राहते.

मुडबीच्या जमिनीचा विचार आता वेगळा करायला हवा. बिदर-हुमनाबादच्या पठारावर जांभा दगड आहे, सच्छिद्र, पाणी धरणारा. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, बिदरला त्याच्यातून कारेझचे भुयारी पाणी आणले गेले. पठार उतरले की काळी जमीन, खाली मुरूम आणि बेसाल्ट. काळी चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भेगा हातभर खोल जातात. पुरलेल्या केबलीला आणि तिच्या पाइपला, म्हणजे डक्टला, हा वर्षातून एकदाचा दाब आणि एकदाची ओढ असते. म्हणून क्लोजरच्या आत केबलची मधली काडी आणि आवरण दोन्ही क्लॅम्पने पक्के धरलेले हवेत. सीलने केबल धरून ठेवावी अशी अपेक्षा करू नये. सीलचे काम पाणी अडवण्याचे, ओढ सोसण्याचे नव्हे. काडी मोकळी राहिली की केबल थोडी थोडी आतबाहेर सरकते, गोंद सुटतो, आणि ट्रेमधले तंतू ताणले जातात.

दुसरे, खणलेला चर कितीही बुजवला तरी त्याची माती भोवतालच्या चिकणीपेक्षा सैल राहते. पावसाचे पाणी त्या चराच्या रेषेने वाहते आणि जोडाचा खड्डा सर्वांत रुंद असल्याने तिथे साचते. डक्टचे टोक प्लग लावून बंद केलेले नसले तर डक्टमधूनही पाणी येते. ऊस आणि विहिरी असलेल्या शिवारात, चुळकी नाला आणि अप्पर मुल्लामारी प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात, हे पाणी दिवाळीपर्यंत हलत नाही. तेव्हा या भागातले क्लोजर वर्षातले काही महिने पाण्याखालीच आहे असे धरून निवडले आणि तपासले पाहिजे. चेंबरच्या तळाला खडीचा थर, क्लोजर तळावर न टेकता भिंतीवरच्या कंसावर, आणि दोन्ही बाजूंना केबलचे मोकळे वेटोळे, एवढे जरी पाळले तरी फरक पडतो. वेटोळे यासाठीही की पुढे दुरुस्तीला क्लोजर वर काढून, गाडीत किंवा तंबूत, कोरड्यात काम करता यावे.

खांबावरच्या जाळ्याबद्दल थोडक्यात. गावातले केबल टीव्हीवाले आता घरोघरी फायबर देतात आणि त्यांची क्लोजरे विजेच्या खांबांवर टांगलेली असतात. इथे पाण्याखाली बुडण्याचा प्रश्न नाही. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, मुंग्या घर करतात, आणि तोंड वर करून टांगलेल्या डोममध्ये पाऊस सरळ उतरतो. डोम नेहमी तोंड खाली करून टांगावा, केबलने तोंडाशी येण्याआधी खाली वळण घ्यावे म्हणजे थेंब वळणाच्या तळाशी गळून जातो, आणि न वापरलेल्या तोंडांचे प्लग काढून टाकू नयेत.

आता चाचणीकडे येतो. या लेखाचा भर तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची क्लोजरांसाठी शिफारस आहे, अमेरिकेत टेल्कॉर्डियाचे जीआर-७७१ आहे, आपल्याकडे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचे मानक आहे. सगळ्यांत पाण्यात बुडवणे, तापवणे-थंड करणे, केबल ओढणे-वाकवणे, आतला दाब टिकतो का पाहणे, अशा कसोट्या आहेत. जीआर-७७१मध्ये वीस फूट पाण्याखाली सात दिवस ठेवण्याची कसोटी आहे. पण या सगळ्या नमुन्याच्या कसोट्या आहेत. प्रयोगशाळेत तरबेज हातांनी बंद केलेला नमुना पास झाला म्हणून रस्त्याकडेच्या खड्ड्यात बंद केलेले क्लोजर पास झाले असे होत नाही. पाकिटावर आयपी-६८ छापलेले असते. ते कवचाचे प्रमाणपत्र आहे, तुमच्या गावच्या जोडाचे नाही.

तांब्याच्या काळात असे नव्हते. डाक-तार खात्याच्या शिशाच्या आवरणाच्या मोठ्या केबलींत कोरडी हवा दाबाने भरलेली असे. जोडावर शिशाची नळी झाळून बसवत, आणि कुठे सूक्ष्म छिद्र पडले तरी दाब उतरल्याचे एक्स्चेंजमध्ये कळे. पाणी शिरण्याआधी हवा बाहेर पडत असे. फायबर आले, केबलीत हवेऐवजी जेली आली, आणि सील जिवंत आहे की नाही हे रोज सांगणारी ती खूण गेली. जेलीने केबल वाचवली; जोड मात्र डोळ्यांआड गेला. मला वाटते, या बदलाची किंमत आपण अजून नीट मोजलेली नाही.

जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीने यावर एक साधा उपाय वापरला आहे. क्लोजरच्या तळाशी एक छोटा संवेदक. त्यात पाणी लागताच फुगणारा पदार्थ. तो फुगला की एका राखीव तंतूला वाकवतो, आणि दूरवर एक्स्चेंजमध्ये बसवलेल्या ओटीडीआरला त्या अंतरावर घट दिसते. कोणत्या क्लोजरमध्ये पाणी आहे ते खणण्याआधी कळते, वीज लागत नाही. आपल्या पंचायतींच्या २४ तंतूंच्या केबलीत राखीव तंतूंची कमतरता नाही. आणि संवेदक नसला तरी आहे त्या यंत्रातून बरेच वाचता येते. १३१०वर घट तेवढीच आणि १५५०वर वाढलेली असेल, तर तंतू कुठेतरी जास्त वळलेला किंवा ओढला गेलेला आहे. जोडांची अशी दोन तरंगलांबींवरची मोजणी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर करून शेजारी शेजारी ठेवली, तर बिघडत चाललेला जोड बंद पडण्याआधी सापडतो.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे बुजवण्याआधी दाब देऊन पाहणे. बऱ्याच डोमना हवेचा व्हॉल्व्ह असतोच. हातपंपाने ४० किलोपास्कल हवा भरायची, साबणाचे पाणी तोंडांवर, टोपीच्या कड्यावर, प्लगवर लावायचे आणि थांबायचे. बुडबुडा आला तर सील कच्चे. १६५ सेंटिमीटर पाण्याचा दाब सोळा किलोपास्कलच असतो. ४०ला टिकलेले तोंड खड्ड्यातल्या पाण्याला अडीचपट भारी पडते. नळी गार होण्यासाठी जेवढे थांबायला हवे तेवढ्याच वेळात ही कसोटी होते. अट एकच: चाचणी झाल्यावर हवा सोडून व्हॉल्व्हची टोपी घट्ट लावायची, नाहीतर तेच नवे छिद्र. कामाच्या स्वीकृतीच्या वेळी चराची खोली, पाइपचे संरक्षण आणि सांध्यांची घट यांच्या नोंदी होतात. त्यांच्या शेजारी दर क्लोजरमागे एक रकाना हवा: दाब दिला, टिकला, कोणी पाहिला.

कटांचा विषय टाळता येत नाही. हुमनाबाद आणि बसवकल्याणच्या बाजूने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५चे चौपदरीकरण, गल्लीगल्लीत जलजीवनचे पाइप, शेतरस्ते. जेसीबीच्या बकेटला केबल दिसत नाही. दरवर्षी देशभरात सुमारे दहा लाख कट होतात आणि त्यांचे नुकसान तीन हजार कोटी रुपयांच्या घरात जाते, असे दूरसंचार विभागाने सांगितलेले आहे. म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आले: खणण्याआधी खणणाऱ्याने कळवायचे, केबलच्या मालकाने जागा दाखवायची. पण दर कटाचा शेवट दोन नव्या जोडांत होतो, हे विसरले जाते. तुटलेल्या जागी केबल ताणून एकच जोड घालता येत नाही. मध्ये तुकडा घालावा लागतो, दोन क्लोजर वाढतात, चार नवी तोंडे. आणि हे जोड घाईत, लोक फोन करत असताना, मिळेल त्या संचाने होतात. त्यांची नोंद मूळ नकाशात क्वचितच चढते. पाच वर्षांनी त्या मार्गावर नेमके किती जोड आहेत आणि कुठे, हे फक्त त्या वेळी खड्ड्यात उतरलेल्याला ठाऊक असते.

तो माणूस कोण, हाही या आढाव्याचा भाग आहे. टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलचे ‘ऑप्टिकल फायबर स्प्लायसर’ आणि ‘ऑप्टिकल फायबर टेक्निशियन’ असे अभ्यासक्रम आहेत. पण सीमाभागात हे काम मुख्यतः उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते. संचातली पत्रिका इंग्रजीत. वाचणारे मराठी, कन्नड, दखनी बोलणारे. पत्रिका पाहिली न पाहिली करून खोक्यासोबत फेकली जाते. चित्रांचे एक कार्ड, खाली मराठी आणि कन्नडमध्ये दोन-दोन ओळी, संचात घालणे खर्चाचे नाही. त्याहून महत्त्वाचा मोबदला. मीटरमागे खोदाई आणि जोडामागे ठरलेला दर, अशी मजुरी असेल तर दिवसात जास्त जोड करणारा हुशार ठरतो. नळी गार होईपर्यंत थांबणाऱ्याला त्या थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. जोडाच्या दराचा एक भाग दाब-चाचणीच्या नोंदीवर दिला, तर थांबणे हेही काम होईल.

यासाठी वेळ योग्य आहे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये. आता सरळ रेघेऐवजी वलय असेल: पंचायतीला दोन बाजूंनी प्रकाश मिळेल, एक बाजू तुटली तरी दुसरी चालेल. उभारणाऱ्यानेच पुढे दहा वर्षे देखभाल करायची आहे, म्हणजे कच्च्या तोंडाचा खर्च त्याच्याच खिशातून जाईल. पहिल्या टप्प्यात नसलेले हे बंधन मोठे आहे. पण वलयामुळे एक धोकाही वाढतो. एक बाजू गळक्या जोडाने गेली तरी गावाला कळत नाही, सेवा चालू असते, तक्रार होत नाही. दुसरी बाजू जाईपर्यंत पहिली दुरुस्त झालेली नसते. म्हणून वलयाच्या दोन्ही बाजूंची मोजणी वेगवेगळी आणि ठरावीक काळाने झालीच पाहिजे.

आणि वलय पुरे करताना जुनी केबल पुष्कळ ठिकाणी पुन्हा वापरली जाणार, जुने जोड पुन्हा उघडले जाणार. प्रत्येक उघडलेल्या क्लोजरच्या आत आधी पाणी होते का, किती, क्लॅम्प गंजलेले होते का, कोणत्या तोंडाशी, कोणत्या प्रकारचे सील होते, याची नोंद फोटोसकट ठेवली, तर काळ्या जमिनीत आणि जांभ्यात कोणते क्लोजर किती वर्षे टिकते याची माहिती आपोआप गोळा होईल. अशी माहिती आज पथकांच्या आठवणीत विखुरलेली आहे. बसवकल्याण, हुमनाबाद, कमलापूर आणि आळंद या चार तालुक्यांपुरती जरी ती एका वहीत आली, तरी पुढच्या खरेदीत कोणता नमुना कुठे मागवायचा हे पाकिटावरच्या छापावरून न ठरता इथल्या मातीवरून ठरवता येईल.